गिअरबॉक्स बदलला आणि एलिव्हेटर उलटा पळाला

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम बदलले आहेत. यंत्राचे आकडे मात्र माझ्या वहीतलेच आहेत. मी तिथे नोकरीला नव्हतो. गिअरबॉक्स आणि कन्व्हेयरच्या कामांसाठी मला अधूनमधून बोलावतात, तसंच याही वेळी बोलावलं होतं.

सॅंड प्लांटमध्ये नॉक-आउटवरून, म्हणजे साचा फोडून भाग बाहेर काढतात तिथून, परत आलेली काळी वाळू एका बकेट एलिव्हेटरने 14 मीटर वर चढते आणि हॉपरमध्ये पडते. तासाला साधारण 50 टन. रबरी पट्ट्यावर बोल्टने बसवलेल्या बकेटा, वर 700 मिमी व्यासाचा ड्रम, ड्रमला मिनिटाला 36 फेरे. मोटर 7.5 एचपीची, म्हणजे 5.5 किलोवॅट, 1440 आरपीएम. तिच्यापुढे 40:1 चा वर्म गिअरबॉक्स (मोटरचे 40 फेरे झाले की बाहेर एक) आणि तिथून चेनने ड्रमपर्यंत, दोन्ही बाजूंना 21 दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं चाक. हा एलिव्हेटर थांबला की मुलरला, म्हणजे वाळू मळणाऱ्या यंत्राला, वाळू नाही, मुलर थांबला की मोल्डिंग, म्हणजे साचे बनवणं, नाही, आणि तोवर भट्टीत धातू तयार होऊन बसलेला असतो. बाकी कुठल्याही यंत्रापेक्षा याच्या ब्रेकडाउनला तिथे लोक जास्त घाबरतात.

अडचण

14 महिन्यांत तीन वर्म व्हील, म्हणजे गिअरबॉक्समधली ब्राँझची दातेरी चाकं, गेली होती. मी पोचलो तेव्हा मिस्त्रींनी गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग काढून ऑइल एका पत्र्याच्या डब्यात घेतलं आणि उन्हात धरलं. काळपट ऑइलमध्ये सोनेरी चमक तरंगत होती, सणाच्या मिठाईवर वर्ख असतो तशी. ती चमक म्हणजे झिजलेलं ब्राँझ. व्हीलचे दाते वस्तऱ्यासारखे पातळ झाले होते.

वर्म गिअरबॉक्सचं कामच घासण्यावर चालतं. पोलादी वर्म म्हणजे एक आखूड, जाड स्क्रू. तो ब्राँझच्या चाकाच्या दात्यांवरून घसरत जातो आणि त्या घसरण्यातून चाक पुढे सरकतं. घसरण आली की उष्णता आली, आणि उष्णतेत वाया जाणारी शक्ती आली. 40:1 सारख्या गुणोत्तराला नवा, चांगला वर्मसुद्धा चौथा हिस्सा तरी शक्ती सहज खातो. हा झिजलेला होता. मी 70 टक्के कार्यक्षमता धरून हिशोब केला.

पण नुसत्या घासण्याने वर्षभरात तीन व्हील जात नाहीत. इथे दोन गोष्टी वर चढल्या होत्या. सिलिकाची धूळ ऑइल सीलच्या ओठाखालून आत जात होती. आणि वाळूबरोबर लोखंडाचे तुकडे येत होते: तुटलेले रनर, रायझर (ओतलेल्या भागाला चिकटून येणारे जादा तुकडे), कधी कोअरमधली, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातली, सळई. एखादा तुकडा बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत, बकेट आणि पत्रा यांच्यात अडकला की अख्खा एलिव्हेटर झटका खायचा. तो झटका शेवटी ब्राँझच्या दोन-तीन दात्यांवर यायचा.

एलिव्हेटरच्या आधीच्या पट्ट्यावर असे तुकडे ओढून घेणारा मॅग्नेट बसवलेला होता. तो आठ महिने बंद होता. कॉइल जळालेली. मालक म्हणाले, "तो करूच, आधी गिअरबॉक्सचं बघा." मी तेव्हा मान हलवली. याच्याकडे पुढे परत यायचंय.

कोणते पर्याय होते

मोठ्या साइजचा वर्म बसवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. दाते जाड, त्यामुळे थोडे जास्त दिवस टिकेल, आणि व्हील शहरातच कापून मिळतं. पण झिजण्याचं कारण तसंच राहणार होतं, वीजही तितकीच जाणार होती.

हेलिकल, म्हणजे तिरप्या दात्यांचा, गिअरबॉक्स हा दुसरा. कार्यक्षमता उत्तम, देखभाल सगळ्यांना ठाऊक. पण ओढण्याचं काम एका वेळी एकदोन दात्यांवरच येतं आणि धक्क्याला दाता मुळातून तुटू शकतो. शिवाय एवढ्या गुणोत्तराला दोन-तीन टप्पे लागतात, लांबी वाढते. वरच्या प्लॅटफॉर्मवर हँडरेल आणि गिअरबॉक्स यांच्यात माणूस आडवा होऊन जेमतेम जातो, तिथे लांबी वाढवणं म्हणजे प्लॅटफॉर्मच नवा करणं.

तिसरा सायक्लोइडल. आपल्याकडे त्याला सरसकट 'सायक्लो'च म्हणतात, जरी ते मुळात एका बनावटीचं नाव असलं तरी. लॉरेंझ ब्रारेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधल्या काळात ही रचना काढली, पुढे जपानच्या सुमितोमोने ती जगभर नेली. आज कारखान्यातल्या रोबोच्या सांध्यांतही याच तत्त्वाचे गिअरबॉक्स असतात, कारण त्यांत दात्यांमधला ढिलेपणा फार कमी असतो. आम्हाला ढिलेपणाशी कर्तव्य नव्हतं. आम्हाला धक्का पचवणारा डबा हवा होता, आणि बऱ्याच कॅटलॉगांत सायक्लोला क्षणिक धक्का नेहमीच्या भाराच्या पाचपटीपर्यंत चालतो असं दिलेलं असतं. किंमत वर्मच्या सुमारे अडीचपट.

चौथा पर्याय म्हणजे मॅग्नेट चालू करणं आणि आहे तोच वर्म नवं व्हील घालून चालवणं. हा पर्याय कागदावर लिहिलाच गेला नाही.

सायक्लो आतून

नवा गिअरबॉक्स आला तेव्हा मिस्त्री आणि फिटर पोरांना तो समजावा म्हणून आम्ही एक झाकण उघडून टेबलावर मांडला. तो अर्धा तास वाया गेला असं मला अजूनही वाटत नाही.

बाहेर एक कडं, त्यात गोलाकार 44 पिना. आत एक पोलादी तबकडी, जिची कड करंजी कापायच्या कातण्यासारखी लहरी-लहरींची. असे 43 कंगोरे, पिनांपेक्षा एक कमी. तबकडीच्या मधोमध बेअरिंग आहे, पण ते मोटरच्या शाफ्टवर सरळ बसलेलं नाही, मध्यापासून 2 मिमी सरकलेलं आहे. त्यामुळे शाफ्ट फिरला की तबकडी जागच्या जागी फिरत नाही, ती कड्याच्या आत घोळते. मोठ्या परातीत तिच्यापेक्षा बोटभर लहान ताट कडेला टेकवून घोळवून बघा. तुमचा हात एक पूर्ण वळसा घेतो तेव्हा ताट स्वतःभोवती अगदी थोडंसं, आणि उलट्या दिशेने, फिरलेलं असतं. इथे तेच. शाफ्टचा एक फेरा झाला की तबकडी एका कंगोऱ्याएवढी मागे सरकते. 43 फेरे झाले की तबकडीचा एक फेरा. एकाच टप्प्यात 43:1.

मी तबकडीवर खडूने रेघ मारली आणि पोराला शाफ्ट हाताने फिरवायला सांगितला. तो मोजत होता. एकविसाव्या-बाविसाव्या फेऱ्याला रेघ समोरच्या बाजूला गेली तेव्हा तो हसला.

आता तबकडी घोळतेय, पण आपल्याला बाहेर सरळ फिरणारा शाफ्ट हवा. त्यासाठी तबकडीला गोल भोकं असतात आणि आउटपुट शाफ्टच्या थाळीवरचे रोलर त्या भोकांत घुसलेले असतात. आमच्या डब्यात रोलर 28 मिमीचा आणि भोक 32 मिमीचं. फरक 4 मिमी, म्हणजे त्या 2 मिमी सरकवण्याच्या बरोबर दुप्पट. तबकडीचं डगमगणं त्या मोकळ्या जागेत जिरतं आणि संथ फिरणं तेवढं रोलरला मिळतं. अशा दोन तबकड्या एकमेकींच्या विरुद्ध बाजूला सरकवून बसवतात, नाहीतर सगळा डबा थरथरेल. तरीही जास्त आरपीएमला थोडी थरथर उरतेच.

यातून दोन फायदे निघतात. एक, कंगोरा पिनेवर घसरत नाही, बहुतांशी लोळतो, म्हणून एका टप्प्याची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या वर राहते. दुसरा जास्त महत्त्वाचा: एका वेळी बरेच कंगोरे भार उचलतात. कागदावर निम्मे, प्रत्यक्षात घडणीतल्या बारीक फटींमुळे त्याहून कमी, पण एकदोन दाते नव्हेत. झटका आला तर तो वाटला जातो. सगळं कठीण बेअरिंग स्टीलचं, आणि तुटून पडण्यासारखा बारीक दाता त्यात नाहीच.

तोटेही त्याच टेबलावर दिसत होते. मधलं सरकवलेलं बेअरिंग नेहमीचं नाही. त्याला बाहेरची रिंगच नाही, रोलर थेट तबकडीच्या भोकात चालतात. बाजारात गेल्यावर ते मिळत नाही, कंपनीकडूनच मागवावं लागतं, आणि मोटरच्या पूर्ण वेगाने फिरणारा भाग तोच असल्यामुळे आधी थकतोही तोच. तबकडीचा आकार गावातल्या गिअर कटिंगवाल्याकडे निघणार नाही. वर्म व्हील दोन दिवसांत कापून मिळायचं, इथे ती सोय संपली. ऑइलची पातळीही आडव्या आणि उभ्या बसवणीला वेगवेगळी, चुकली तर बेअरिंग कोरडं चालतं.

हे सगळं मी त्या दिवशी पोरांना सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, कारण ती माझ्याच डोक्यात आली नाही.

निवड आणि बसवणी

कॅटलॉगमध्ये 40:1 नव्हतं. सायक्लोची गुणोत्तरं कंगोऱ्यांच्या संख्येवर ठरतात, त्यामुळे 35 होतं, त्यापुढे थेट 43. आम्ही 43 घेतलं आणि गिअरबॉक्सकडचं स्प्रॉकेट 21 ऐवजी 23 दात्यांचं लावलं. ड्रमला 36.7 फेरे मिळाले, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच.

मोटरवर थोडी वादावादी झाली. जुन्या व्यवस्थेत 5.5 किलोवॅट पूर्ण ताकदीने चालली तर ड्रमवर साधारण 1020 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पोचायचा, कारण बाकीचा वर्म खायचा. नव्या व्यवस्थेत त्याच मोटरचे 1330 पोचणार होते. कामाला लागणारा टॉर्क होता 675 च्या आसपास. मी 5 एचपीची, म्हणजे 3.7 किलोवॅटची मोटर सुचवली. तिचे 895 पोचतात, पुरेसे आहेत. मालक म्हणाले, "मोटर चांगली आहे, नवी कशाला? जास्त ताकद असलेली बरीच की." मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

रविवारच्या सुट्टीत बसवणी झाली. चालू केल्यावर एलिव्हेटर उलटा फिरला, कारण सायक्लोचा आउटपुट इनपुटच्या उलट दिशेने जातो. दोन फेज बदलल्यावर सरळ झाला. त्यावर सगळे हसले. सोमवारी क्लॅम्प मीटर लावला: भरलेल्या एलिव्हेटरला पूर्वी 7.6 अँपिअर लागायचे, आता 6.3. खरी बचत याहून जास्त असते, कारण कमी भारावर मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटमधला खऱ्या कामाचा वाटा, घसरतो आणि अँपिअर तितके उतरत नाहीत. किलोवॅट बघितले तर तासाला सुमारे एक युनिट वाचत होतं. गिअरबॉक्सला हात लावला तर कोमट. जुन्यावर हात ठेवता यायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात

दुपारी लाइट गेली. एलिव्हेटर भरलेला होता. मला फोन आला तो सॅंड प्लांटच्या मामांचा, जे वीस-बावीस वर्षं तिथेच आहेत. "साहेब, एलिव्हेटर उलटा पळाला की ओ! सगळी वाळू खाली आली."

हिशोब सोपा आहे, फक्त तो मी आधी केला नव्हता. चढत्या बाजूच्या बकेटांत कोणत्याही क्षणी सुमारे दीडशे किलो वाळू असते. उतरत्या बाजूच्या बकेटा रिकाम्या. हे वजन ड्रमला मागे ओढतं, जवळपास 500 न्यूटन-मीटरने. वर्म असताना मोटर बंद झाली तरी ड्रम हलायचा नाही, कारण चाकाने वर्मला उलटं फिरवायचं तर घर्षण आडवं येतं; 40:1 च्या वर्मची चढण इतकी कमी असते की तो जागच्या जागी अडतो. ज्या घासण्यामुळे वीज वाया जात होती, तेच घासणं ब्रेकचं काम करत होतं. सायक्लोमध्ये सगळं लोळतं, त्यामुळे तो पुढून फिरतो तसा मागूनही फिरतो. लाइट गेली, वाळूने ड्रम मागे ओढला, गिअरबॉक्सने मोटर उलटी पळवली, आणि सगळी वाळू बूटमध्ये ओतली गेली. लाइट आल्यावर बूट इतका गच्च भरलेला की मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. दोघांनी फावड्याने वाळू उपसायला सव्वादोन तास.

पण मामांनी पुढचं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एलिव्हेटर बंद पडला की बूटचं दार उघडून अडकलेले तुकडे हाताने काढायची त्यांची जुनी सवय. त्या दिवशी ते दारापर्यंत पोचायच्या आत बकेटा उलट्या सुटल्या. आणखी दहा सेकंद आधी दार उघडलं असतं तर हात आत असता.

एलिव्हेटर बनवणाऱ्याने मुळात उलटं फिरणं रोखणारा होल्डबॅक दिलाच नव्हता. वर्म धरतोय म्हणून त्याने तो खर्च वाचवला असणार. वर्मच्या अडण्यावर विसंबणं तसंही धोक्याचं, कारण थरथर आणि झीज असली की तोही हळूहळू सरकू शकतो. पण ते आम्ही कुणीच तपासलं नव्हतं. ड्रॉइंगवर ब्रेक नव्हता, आणि मी ड्रॉइंगच बघितलं.

दुसरा दणका

दीड महिन्याने बूटमध्ये मुठीएवढा रायझर अडकला. पूर्वी अशा वेळी व्हीलचे दाते मार खायचे आणि पट्टा वाचायचा. आता गिअरबॉक्सने दाद दिली नाही, मोटर ट्रिप व्हायला काही सेकंद लागले, आणि तेवढ्यात सहा बकेटांचे बोल्ट पट्ट्यातून उपटले गेले. पट्टा हातभर फाटला. गिअरबॉक्सला ओरखडासुद्धा नाही. मालकांचा चेहरा बघून मी 5 एचपीचा विषय त्या दिवशी काढला नाही. दोन दिवसांनी काढला.

वर्म जसा ब्रेक होता तसा तो फ्यूजही होता. महागडा, चुकीच्या जागी बसलेला, पण फ्यूज.

दुरुस्ती

उलटं फिरणं रोखायला दोन मार्ग होते: ब्रेक असलेली मोटर किंवा ड्रमच्या शाफ्टवर होल्डबॅक. ब्रेक मोटर लवकर मिळत होती आणि जोडायला सोपी होती. पण ब्रेक आणि ड्रम यांच्यामध्ये चेन येते. चेन तुटली तर ब्रेक घट्ट धरून बसेल आणि ड्रम मोकळा पळेल. म्हणून ड्रम शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला एकाच दिशेने फिरू देणारा होल्डबॅक घेतला. तो येईपर्यंत एका वर्कशॉपमधून दातेरी चाक आणि खिट्टी करून घेतली. दहा दिवस ती टकटक अख्ख्या शेडमध्ये ऐकू येत होती.

होल्डबॅकचे स्वतःचे दोन प्रश्न निघाले. मोटरच्या फेज चुकून उलट्या लागल्या तर मोटर होल्डबॅकशीच भांडेल आणि काहीतरी तुटेल. म्हणून पॅनेलमध्ये फेज सीक्वेन्स रिले घातला, जो फेजचा क्रम उलटा असला तर मोटर चालूच होऊ देत नाही. आणि फिटरची एक युक्ती बंद झाली: काही अडकलं की दोन वायरी बदलून एलिव्हेटर थोडा उलटा फिरवायचा. तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. त्याला बूटजवळ मोठं दार करून दिलं, पण दार उघडण्याआधी मेन स्विचला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात, हे मालकांनी स्वतः उभं राहून करून घेतलं.

मोटर 5 एचपीची केली. गिअरबॉक्सकडच्या स्प्रॉकेटच्या हबमध्ये शिअर पिन बसवली, जी ठरलेल्या टॉर्कला तुटते. अशा पिना डब्यात भरून प्लॅटफॉर्मवरच टांगून ठेवल्या. मॅग्नेटची कॉइल नव्याने गुंडाळून आणली. ते काम चार दिवसांत झालं, जे आठ महिन्यांहून जास्त राहिलं होतं.

निकाल

बसवल्यापासून 20 महिने झाले. ऑइल तीनदा बदललं, सोनेरी चमक नाही. सील एकदा बदलला. त्याच्यापुढे आता ग्रीस भरलेली धुळीची खोबण आहे. शिअर पिना पहिल्या तीन महिन्यांत चार तुटल्या, मॅग्नेट लागल्यानंतर एक. सरकवलेलं बेअरिंग कंपनीकडून मागवून कपाटात ठेवलंय, कारण ते यायला पाच आठवडे लागले होते. लाइट अजूनही जाते, एलिव्हेटर जागीच उभा राहतो.

पुन्हा करायचं झालं तर

मॅग्नेट आधी. तो चालू करून दोन महिने वर्म चालवला असता तर कदाचित गिअरबॉक्सचा प्रश्न इतका मोठा दिसलाच नसता. विजेच्या बचतीसाठी सायक्लो तरीही परवडला असता असं मला वाटतं, पण घाईत नव्हे.

दुसरं, जुना भाग काढण्याआधी मी आता एक प्रश्न वहीत लिहितो: लाइट गेली तर आज इथे काय होतं, आणि ते कशामुळे होतं? आणि तो प्रश्न मालकांना नाही, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला विचारतो. मामांना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर "बंद झालं की जागेवर थांबतंय, मग मी दार उघडतो" एवढ्या एका वाक्यात सगळं कळलं असतं.

तिसरं, मोटर. कार्यक्षम गिअरबॉक्स बसवताना जुनी मोटर तशीच ठेवणं म्हणजे न विचारता ताकद वाढवणं. ती ताकद कुठे जाऊन बसणार, याचं उत्तर आधी हवं.

याच प्लांटमध्ये नव्या वाळूचा दुसरा एलिव्हेटर आहे, लहान, वर्मवरच. गेल्या महिन्यात मालकांनी त्याचंही कोटेशन मागितलं. मी माप घ्यायला गेलो तेव्हा मामा खाली उभे होते. त्यांनी गिअरबॉक्सकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "साहेब, ह्याला होल्डबॅक हाय का?" नव्हता. कोटेशनमध्ये पहिली ओळ तीच आहे.